म्हातारीच्या ओटीतला दगड

भागोजीनं वाकून भरतीच्या रेषेवरचा एक दगड उचलला, लाटेत बुडवून धुतला आणि नीराच्या हातात दिला. एकच. नीरा दुसऱ्या दगडाची वाट बघत तशीच उभी राहिली. होडीतून उतरताना तिचं पातळ गुडघ्यापर्यंत भिजलं होतं, गालात लिंबाची फोड होती, पोटात अजून ढवळत होतं, आणि तोंडावर सहलीच्या दिवशीचं ठरलेलं हसू होतं. "म्हातारीच्या ओटीत घाला, बाय," भागोजी म्हणाला. "पयल्यांदा बेटाला पाय लावला का घालाचा आसतो. न्हाय घातला तं परतताना दर्या तरास देतो." "आणि ह्यांना?" तिनं विचारलं. शिवदास तोवर खडकांवरून पुढे गेला होता, त्याची खाकी पिशवी पाठीवर हलत होती. भागोजी होडीचा दोर खडकाला बांधत होता. "सायबांना कशाला?" तो दोराकडे बघतच म्हणाला, आणि गाठ ओढून घट्ट केली. तेवढंच. दुसऱ्या एखाद्या बाईनं ते कानाआड केलं असतं. नीरालाही करायचं होतं. पण गेली सहा वर्षं ज्या घरात ती राहत होती, तिथं कानाआड करण्याजोगं इतकं काही होतं की कान आता भरून गेले होते.

बेट तसं काहीच नव्हतं. थळच्या किनाऱ्यावरून बघितलं तर पाण्यात बसकण मारलेला एक काळा ढिगारा, नकाशात नाव नसलेला. कोळी त्याला म्हातारी म्हणत, कारण मध्यावर एक वाकलेला खडक होता आणि त्याच्या पुढ्यात मांडी घातल्यासारखी खोलगट जागा होती. त्या खोलगटात दगडांची रास होती. शेकडो दगड, गुळगुळीत, काही शेंदराचा ठिपका लावलेले, काहींवरचा ठिपका उन्हापावसानं गेलेला. पलीकडे करवंदीच्या जाळ्या, थोडं गवत, चार वाकडी झाडं, आणि सगळीकडे वाऱ्याचा एकच एक आवाज. माघाचं ऊन कोवळं होतं. माणूस नाही, घर नाही, देऊळसुद्धा नाही. शिवदासला अशाच जागा लागत. "इथं कुणी येत नाही, नीरा," तो होडीत म्हणाला होता. "ही मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. आपणच पहिले." म्युनिसिपालटीच्या नकाशाखात्यात आयुष्यभर गटारांच्या आणि रस्त्यांच्या रेघा ओढणारा हा माणूस महिन्यातून एका रविवारी असं बोलायचा, तेव्हा त्याच्या आवाजाला धार यायची. बाकीचे दिवस तो मीठ मागायलासुद्धा फारसं बोलायचा नाही. दर सहलीनंतर आठवडाभर तो काळ्या शाईनं त्या जागेचा नकाशा काढायचा, खाली तारीख घालायचा आणि गिरगावच्या खोलीत भिंतीला टाचणीनं लावायचा. नीरा पाहुण्यांना ते नकाशे दाखवायची. हे कोर्लई, हे कासा, ही चौलची टेकडी. आम्ही गेलो होतो, असं म्हणायची. आम्ही हा शब्द म्हणायला त्या घरात तिला दुसरी जागाच नव्हती.

कारण त्या घरात ती आली तेव्हा घर भरलेलं होतं. फळीवर ओळीनं पितळेची भांडी, आणि प्रत्येक भांड्याच्या काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव, सौ. वेणू. तपेल्यावर वेणू, ताटावर वेणू, पाणी प्यायच्या फुलपात्रावर वेणू. शिवदासची पहिली बायको टायफॉइडनं गेली त्याला लग्नाच्या वेळी उणंपुरं वर्ष झालं होतं. लग्नात नवरीचं नाव तांदळात लिहायची वेळ आली तेव्हा थोरल्या नणंदेनं, गोदूताईंनी, भर मांडवात सांगितलं, "वेणूच ठेवा की. भांडी तरी बदलायला नकोत." सगळे हसले. नीराही हसली, कारण अठ्ठाविसाव्या वर्षी बिजवराला दिलेल्या मुलीनं मांडवात हसायचंच असतं. "नको, नीराच राहू दे," असं शिवदासनंच म्हटलं, आणि त्या एका वाक्यावर तिनं पुढची किती वर्षं काढली. शेजारच्या बायका आमटी चाखून गप्प राहायच्या आणि मग वेणूच्या हाताबद्दल बोलायच्या. शिवणाचं मशीन वेणूचं, भिंतीवरचं घड्याळ वेणूच्या वडिलांनी दिलेलं, गॅलरीतली तुळससुद्धा वेणूनं लावलेली, आणि ती मेली मरत नव्हती. नीरा तिला रोज पाणी घालायची.

फक्त समुद्र तिचा होता. मुलगी बघायला आला तेव्हा शिवदासनं तिला गाणं येतं का विचारलं नाही, स्वयंपाकाचं विचारलं नाही. खाली मान घालून बशीतल्या पोह्यांकडे बघत म्हणाला, "तुम्हाला बोट लागते का?" नीराच्या वडिलांना वाटलं, जावई विनोदी आहे. नीरा जन्मात बोटीत बसली नव्हती. पुण्याच्या मुलीला कुठली बोट? "नाही," ती म्हणाली. तेव्हा त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "पहिलीला फार लागायची," तो म्हणाला. "भाऊच्या धक्क्यावर उभी राहिली तरी डोकं धरायची. त्यामुळे माझं फिरणं राहूनच गेलं." ते ऐकल्यावर नीराच्या मनात काहीतरी घट्ट झालं. ज्या बाईचं सगळंच चांगलं होतं असं तिला चहूकडून ऐकावं लागणार होतं, त्या बाईला एक गोष्ट जमत नव्हती. ती एक गोष्ट आपण करायची. मग पहिल्याच रेवसच्या लाँचमध्ये तिला कळलं की बोट म्हणजे काय. डिझेलचा वास, भिजलेल्या दोरांचा वास, पायाखालून जमीन काढून घेतल्यासारखं ते वरखाली होणं, आणि पोटातून घशापर्यंत येणारी कडू लाट. तिनं ती गिळली. धक्का येईपर्यंत तीन वेळा गिळली. "कसं वाटलं?" शिवदासनं विचारलं. "छान," ती म्हणाली.

सहा वर्षांत तिनं त्याचं शास्त्रच केलं होतं. आदल्या दिवसापासून उपास, सांगायला काहीतरी व्रत. रुमालाच्या टोकाला मीठ लावलेल्या लिंबाच्या चार फोडी. नजर लांबच्या डोंगरावर, कधी पाण्यावर नाही. अंगठ्याच्या नखाखाली दुसऱ्या हाताचं नख रुतवून ठेवायचं, म्हणजे जीव तिथं अडकून राहतो. घरी आल्यावर न्हाणीत नळ मोठा सोडून जे काय व्हायचं ते होऊ द्यायचं. शिवदासला वाटायचं, बायको फार स्वच्छ आहे, बाहेरून आली की लगेच आंघोळ करते. आणि हे सगळं तिला जड वाटत नव्हतं, हीच खरी गंमत. गिळलेल्या प्रत्येक लाटेगणिक ती वेणूच्या पुढे एक पाऊल जात होती. मेलेल्या बाईशी शर्यत लावायची तर अशीच लावावी लागते, कारण ती बाई धापही टाकत नाही आणि दमतही नाही.

आता ती दगड हातात घेऊन त्या राशीसमोर उभी होती आणि तिचा हात पुढे होत नव्हता. "नीरा!" पलीकडून शिवदासची हाक आली. "लवकर ये, बघ काय सापडलं." ती गेली. करवंदीच्या दोन जाळ्यांमधून अंग चोरून खाली उतरायचं, मग एक कपार, आणि कपारीत ओंजळभर पाणी. "चाखून बघ. गोडं! चहूकडे खारं आणि इथं गोडं. मला वाटलंच होतं, उतार बघून." त्याचा चेहरा खरोखर आनंदानं फुलला होता. नीरानं जाळ्यांकडे बघितलं. वर उभं राहिलं तर ही कपार दिसतसुद्धा नव्हती. उतरून दहा मिनिटं झाली नसतील. कुठला उतार, कसला उतार? तिनं पाणी चाखलं. गोड होतं. आणि तो घोट घशाखाली जाता जाता तिला कोर्लईचा कडा आठवला. तिथं शिवदास असाच पुढे जाऊन म्हणाला होता, इथून खाली वाट असणार बघ. होती. चौलच्या टेकडीवर त्यानं पायऱ्या चढताना मध्येच डावीकडे वळून तिला एका चाफ्याखाली बसवलं होतं, इथं वारा चांगला लागेल म्हणून. लागला होता. कासाच्या किल्ल्यात त्यानं डोळे मिटून तिला विचारलं होतं, सांग, ह्या भिंतीपलीकडे काय असेल? आणि तिनं आपलं भोळेपणानं काहीतरी सांगितलं होतं, आणि तो हसला होता. त्या हसण्याचा अर्थ आता सहा वर्षांनी तिच्याकडे चालत येत होता. तो प्रश्न त्यानं पहिल्यांदा विचारलेला नव्हता. कुणीतरी आधी त्याचं अचूक उत्तर दिलं होतं. किंवा चुकीचं दिलं होतं आणि दोघं मिळून हसली होती.

शिवदास मोजमापं घ्यायला बेटाच्या टोकाला गेला. पावलं मोजत चालायची त्याची सवय होती, मध्ये बोललेलं खपत नसे. नीरा होडीजवळ परत आली. भागोजी वाळूत बसून बिडी ओढत होता. पन्नाशीचा असेल, छाती उघडी, डोक्याला लाल रुमाल. तिला आडून विचारायचं होतं, पण पोटात ढवळत असताना माणसाला आडून विचारता येत नाही. "ह्यांनी दगड कधी ठेवला?" ती म्हणाली.

भागोजीनं बिडी खाली घेतली. "झाली की आठ-नव वर्सां. जोडीनं ठेवल्याला." मग थांबून त्यानं तिच्याकडे बघितलं आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. "तुमाला दुसरा दगड दिला आसता, बाय, पन सायबांना देता येत न्हाय. दोनदा ठेवाचा नसतो. दोनदा ठेवला तं म्हातारी मानूस ठेवून घेते. म्हनून आमी ध्यानात ठेवतो, कुनी ठेवला, कुनी न्हाय ठेवला."

"त्या बाई कशा होत्या?"

"बऱ्या हायेत ना त्या?"

"वारल्या. सात वर्षं झाली."

भागोजीच्या हातातली बिडी तशीच राहिली. नीरानं बघितलं की त्याच्या तोंडावरचा रंग खरोखरच उतरला. एका दिवसाच्या ओळखीवर ह्या कोळ्याला वेणूचं वाईट वाटत होतं. "आरं द्येवा," तो म्हणाला. "काय बाय व्हती! डावऱ्या हाताची. माज्या हातातनं शिडाचा दोर घेतला, मला म्हनाली, भागोजीदादा, तुमी बसा. निम्मी वाट तिनं होडी आनली. लाट अंगावर आली का हासायची." त्यानं दोन्ही हातांनी दोर ओढल्यासारखं करून दाखवलं.

"त्यांना बोट लागायची ना?" नीरानं विचारलं. उत्तर तिला आता माहीत होतं. तरी विचारलं.

"बोट? तिला?" भागोजीला हसू आलं, आणि मेलेल्या माणसावर हसू नये म्हणून त्यानं ते दाबलं. "कोलीन बायांना लागल, पन तिला न्हाय."

नीरा परत राशीकडे गेली. पायांना आपण कुठं चाललो ते माहीत होतं, डोकं मागं राहिलं होतं. भागोजीनं लांबूनच हात करून सांगितलं होतं, तो बगा, काला, चपटा, डाव्या अंगाला. डाव्या अंगाला काळे चपटे दगड पाच-सहा तरी होते. तिला तो उचलून समुद्रात टाकायचा होता. हो, टाकायचा होता, त्यात लाज कसली? घरातल्या प्रत्येक भांड्यावर त्या बाईचं नाव कोरलेलं होतं म्हणून ते घासून जात नव्हतं, आणि इथं नाव नव्हतं म्हणून नेमका दगड सापडत नव्हता. तिनं एक उचलला, परत ठेवला. दुसरा उचलला. त्याच्याखाली ओलसर जागा होती आणि एक बारकासा खेकडा घाईघाईनं आत गेला. चार हातांनी धरून ठेवलेला दगड, दोन वेणूचे, दोन शिवदासचे. आणि त्याच्यावर गेल्या आठ-नऊ वर्षांत कुणाकुणाचे दगड पडले असतील. जोडीचा दगड एकदाच ठेवायचा असतो. म्हणजे आपण ठेवायचा तो एकटीनं. कुमारिकेनं ठेवावा तसा, नाहीतर विधवेनं. तिनं भागोजीनं दिलेला दगड आपल्या डब्याच्या पिशवीत टाकला.

तिला राग कशाचा येत होता ते तिनं नीट बघितलं, कारण शिवदासची पावलं अजून लांब होती आणि तेवढा वेळ होता. तो पहिल्या बायकोबरोबर फिरला ह्याचा राग नव्हता. नवरा-बायको फिरायचीच. तो तिला विसरला नाही ह्याचाही नव्हता. त्या घरात वेणूला विसरणं भांड्यांनीसुद्धा जमू दिलं नसतं. पण त्यानं वेणूचा समुद्र काढून घेऊन नीराला दिला होता, आणि वेणूला बोट लागते ही गोष्टच खरी नव्हती. सहा वर्षं ती एका रिकाम्या जागेशी शर्यत लावून ओकारी गिळत होती. आणि ह्या माणसाला दर वेळी शेजारी एक बाई लागत होती, जिला घेऊन तीच वाट पुन्हा चालता येईल, तोच प्रश्न पुन्हा विचारता येईल. पावलं मोजायला तो पुढे जायचा तेव्हा त्याच्या डाव्या बाजूला कोण चालत असायचं, ते आता तिला कळलं. नकाशे नीराबरोबर काढले होते, पण जागा नीराच्या नव्हत्या.

जेवायच्या वेळी ती त्याच्यासमोर बसली. डबा उघडला. पोळ्या, बटाट्याची भाजी, लसणीची चटणी. डब्याच्या झाकणावर टिंबाटिंबांचं सौ. वेणू उन्हात चमकत होतं. कितीतरी बेटांवर हा डबा तिनं स्वतःच्या हातांनी वाहून आणला होता. "खात का नाहीस?" शिवदासनं विचारलं. "उपास आहे." "आज कसला?" "वेणूचा," ती म्हणणार होती. "रविवारचा," ती म्हणाली. त्यानं मान डोलावली आणि चटणी मागून घेतली. वाऱ्यानं दिशा बदलली होती. भागोजीनं लांबून हाक मारली, निघाया व्हवं.

परतीच्या वाटेवर दर्या चांगलाच उसळला होता. होडी तिरकी होत होती, शीड फडफडत होतं, प्रत्येक लाटेला बूड आपटत होतं. नीराचा हात सवयीनं रुमालाच्या टोकाकडे गेला. लिंबाची शेवटची फोड होती. ती तिनं काढली, बघितली, आणि पाण्यात टाकून दिली. मग लांबच्या डोंगरावरची नजर काढून तिनं मुद्दाम पाण्याकडे बघितलं, हिरव्या, फेसाळ, वरखाली होणाऱ्या पाण्याकडे, आणि अंगठ्यातलं नख सोडून दिलं. लाट पोटातून वर आली. ह्या वेळी तिनं ती गिळली नाही. ती होडीच्या काठावर वाकली आणि मोठ्यानं, सगळं अंग हलवून ओकली. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं, नुसतं पिवळं कडू पाणी. ते थोडं शिवदासच्या बुटांवर उडालं. ती थांबली, तोंड पुसलं नाही, आणि पुन्हा ओकली. इतकं मोकळं तिला त्या घरात आल्यापासून वाटलं नव्हतं.

"नीरा! अगं, काय झालं? तुला तर बोट लागत नाही!" शिवदास घाबरून तिच्या पाठीवर हात ठेवत म्हणाला.

"लागते. पहिल्या दिवसापासून लागते."

"मग कधी बोलली नाहीस?"

"तिला लागायची ना," ती म्हणाली. "म्हणून."

शिवदासचा हात पाठीवरच राहिला, पण त्यातला जीव गेल्याचं तिला पातळातून कळलं. त्यानं भागोजीकडे बघितलं. भागोजी शिडाकडे बघत होता, शिडाखेरीज जगात काही नसल्यासारखा.  मग शिवदास अगदी हळू म्हणाला, "मला वाटलं होतं, त्या घरात तुझं म्हणून काहीतरी असावं. तिचं नसलेलं." ते खरं होतं. त्याचा आवाजच सांगत होता की ते खरं होतं, आणि ह्या सगळ्यातलं सगळ्यांत वाईट तेच होतं. तो लबाड असता तर तिला त्याच्याशी भांडता आलं असतं. पण ह्यानं दया केली होती. सहा वर्षं ती त्याची दया पोटात दाबून फिरत होती.

"बायनी दगड ठेवला न्हाय वाटतं," भागोजी इतक्यात स्वतःशीच पुटपुटला. मागच्या खडकाकडे बघून त्यानं हात जोडले.

नीरानं पिशवीत हात घातला. दगड वाळला होता, वर मिठाची पांढरी साय धरली होती. तिनं शिवदासचा हात उलटा केला, तळव्यावर दगड ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून वर मिटली. "हा तुम्ही सांभाळा," ती म्हणाली. "माझ्यानंतर जिला आणाल, तिच्या हातात द्या. आणि तिला माझ्याबद्दल काहीही सांगा, पण मला बोट लागत होती हे खरं सांगा."

 थळचे बोंबील वाळत घातलेले बांबू दिसू लागले, किनाऱ्यावरचा वास आला, तरी शिवदास दगड मुठीत धरून बसला होता. टाकायला चहूकडे समुद्र होता, पण कुणाचा दगड कुठं ते ध्यानात ठेवणारा भागोजी बघत होता.